चाक आठ इंची, माणूस तेवढाच

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीत जुना कोबा आहे. काळसर, तीन पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. मागच्या वर्षी संक्रांत उलटल्यावर एका रविवारी मी त्या कोब्यावर खडूनं मला घडवायची होती ती मिनीबाइक, म्हणजे बुटकी मोटरसायकल, काढली. अगदी पूर्ण मापाची. दोन वर्तुळं, त्यांच्यामध्ये फ्रेमच्या नळ्या, वर टाकी, मागे सीट आणि इंजिनाच्या जागी एक चौकट. त्याआधी महिनाभर कागदावर रेघोट्या मारून झाल्या होत्या, पण कागदावर सगळंच जमून आल्यासारखं दिसतं. पूर्ण मापात काढलं की काही लपत नाही.

चित्र झाल्यावर मी त्यावर कुशीवर आडवा झालो. कंबर सीटवर, गुडघे दुमडलेले, तळवे फूटरेस्टच्या खुणेवर, हात हँडलच्या टोकाशी. मुलीनं माझ्याभोवती खडू फिरवला, लहानपणी पंजा कागदावर ठेवून आपण पेन्सिल फिरवायचो तसा. उठून बघतो तर कोब्यावर एक लहानशी गाडी आणि तिच्यावर एक अवाढव्य माणूस. त्याचा गुडघा हँडलच्या पुढे गेलेला, डोकं पार उंबऱ्याला टेकलेलं.

पुढचं सव्वा वर्ष मी जे काही केलं ते त्या खडूच्या माणसासाठी केलं. गाडी हवी तेवढी लहान करता येते, तिच्यावर बसणारा लहान होत नाही. त्याचे गुडघे, त्याचं वजन, त्याचा तोल सगळं तेवढंच राहतं. मिनीबाइक म्हणजे मोठ्या मोटरसायकलची आटवलेली प्रत, असं मी तोवर समजत होतो. तसं नाही. एक माप कमी केलं की उरलेली सगळी मापं पुन्हा मांडावी लागतात, आणि ती मांडताना मध्ये माणूस धरावा लागतो.

आई रोज सकाळी फुलं घेऊन ओसरीतून देवघरात जाते. ती त्या चित्राच्या पुढच्या चाकाला वळसा घालून जायची. हे कधी पुसणार, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

मला जी गाडी करायची होती तिचं कूळ मोठं गमतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेलबाइक नावाची एक घडीची मोटरसायकल केली होती. ९८ सीसीचं व्हिलियर्स इंजिन, वजन जेमतेम ३२ किलो. हँडल आणि सीट दुमडून ती एका नळकांड्यात भरायची आणि पॅराशूटनं सैनिकांबरोबर खाली सोडायची. युद्धानंतर तिच्यावरूनच कॉर्गी नावाची गाडी बाजारात आली. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत लोकांनी हिरवळ कापायच्या यंत्राची इंजिनं काढून नळ्यांच्या चौकटीत बसवली आणि घरोघरी मिनीबाइका तयार झाल्या. जपानात होंडानं १९६१ साली तामा टेक या आपल्या करमणूक बागेत मुलांना चालवायला झेड १०० नावाची इवलीशी गाडी ठेवली. त्या गाडीवर मोठी माणसं बसली की माकडासारखी दिसायची, म्हणून पुढे तिच्या वंशाला ‘मंकी’ हेच नाव पडलं. १९६७ च्या झेड ५० एम मॉडेलचं हँडल दुमडायचं, मोटारीच्या डिकीत मावावी म्हणून.

आपल्याकडे ही जात एकदाच नावारूपाला आली. एस्कॉर्ट्सनं राजदूत जीटीएस १७५ काढली होती. बुटकी, जाड चाकांची. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ती दिसली आणि लोक तिला बॉबीच म्हणायला लागले. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एकाकडे ती होती. संध्याकाळी तो गाडी धुवायला काढायचा तेव्हा आम्ही पोरं भोवती उभी राहायचो. इतर गाड्यांच्या टाकीपर्यंत आमची मान पोचायची. ही मात्र आमच्या उंचीची होती, तिच्या हँडलवर हात ठेवला तर खांदे सरळ राहायचे. गाडी आपल्या उंचीची असू शकते, ही गोष्ट त्या वयात मनात बसली आणि तिथंच राहिली. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागात, आयुष्य काढलं, पीथमपूरच्या बसनं रोज जाऊन-येऊन. हजारो तुकडे तपासले असतील, पण स्वतःच्या मापाची एक गोष्ट केली नव्हती.

सुरुवात चाकापासून केली, कारण मिनीबाइकमध्ये बाकी सगळं चाकावरून ठरतं. मंकीच्या १९६९ च्या सुमाराच्या मॉडेलचं टायर ३.५०-८ मापाचं होतं, म्हणजे साडेतीन इंच जाड आणि आठ इंची रिमवर बसणारं. हे माप वाचलं तेव्हा मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. जुन्या बजाज सुपर स्कूटरचं टायर हेच तर आहे! जपानी खेळण्यातल्या गाडीचं आणि इंदूरच्या हजारो घरांतून दुधाच्या बरण्या वाहून नेलेल्या स्कूटरचं चाक एकच. आठ इंची रिम मिळायला भंगारवाल्याकडे दोन फेऱ्या पुरल्या. दोन रिमांचे चारशे रुपये झाले, त्यातलं एक गंजून चाळण झालेलं निघालं, म्हणून तिसरी फेरी.

या रिमबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ती दोन तबकांची असते, दोन ताटं पाठीला पाठ लावून बोल्टांनी आवळावीत तशी. चाक गाडीला धरणारे नट वेगळे आणि ही दोन ताटं एकमेकांना धरणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसरे नट सैल केले तर आतला दाब ताटं उडवतो. हातापायांची, डोळ्यांची दुखापत त्यातून झालेली आहे. म्हणून आधी हवा काढायची, नुसती काढायची नाही तर वॉल्व्हची पिन उचकटून खिशात ठेवायची, आणि मगच पाना लावायचा. माझ्या मुलीला मी पाना धरायला शिकवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली.

दुसरी अडचण हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची. स्कूटरचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, मोटरसायकलचा एक्सल आरपार जातो आणि दोन्ही बाजूंनी टेकतो. म्हणजे स्कूटरची रिम आणि मोटरसायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहाती चिमटा, यांचं लग्न लावायला मधला हब नव्यानं खरादावर काढून घ्यावा लागतो. १२ मिलिमीटरचा एक्सल, त्यासाठी ६३०१ नंबरचं बेअरिंग, बाहेरचा व्यास ३७. सियागंजात कुठल्याही दुकानात नंबर सांगितला की डबी समोर येते. प्रश्न बेअरिंगचा नव्हता, ते ज्या घरात बसणार त्याचा होता. पहिला हब आला तो दोन शतांश मिलिमीटरनं सैल. बेअरिंग अंगठ्यानं आत जात होतं. जाता कामा नये, ते दाबूनच बसलं पाहिजे. खरादवाला म्हणाला, “भिया, पंच मार देंगे, पकड़ लेगा.” पंचानं घरात खाचा पाडल्या की बेअरिंग पकडतं खरं, पण महिनाभर. मी हब परत केला आणि नव्या तुकड्याचे पैसे वर दिले.

याच हबच्या निमित्तानं शेजारचे काका या कामात आले. काका ७८ वर्षांचे. कापडगिरणीत फिटर होते. इंदूरच्या गिरण्यांची चाकं कधीच थांबली. मालवा मिल हे नाव आता चौकाला उरलंय. गिरणी गेली तरी काकांचा कान गिरणीतलाच राहिला. त्यांनी हबमध्ये बेअरिंग बसवून घेतलं, एक्सल घातला, माझ्याकडून मोठा स्क्रूड्रायव्हर मागितला. पातं हबवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि दुसऱ्या हातानं हब फिरवला. डोळे मिटून घेतले होते.

“बस,” म्हणाले. “गप्प आहे.”

पुढे वर्षभर ते रोज संध्याकाळी पाच वाजता यायचे. त्यांचं माप सुतात आणि माझं मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. ते म्हणायचे, “अर्धा सूत घे अजून.” मी मनात दीड मिलिमीटर करायचो. काही दिवसांनी माझ्याही तोंडात सूत बसलं.

फ्रेमसाठी लोहामंडीतून एक इंची नळी आणली, दोन मिलिमीटर जाडीची. पाठीची मुख्य नळी टाकीखालून वाकून सीटखाली जाते, तिला मोठा बाक हवा होता. नळी नुसती वाकवली तर ती आत चेपते, उसाच्या पिचलेल्या कांडीसारखी. यावर जुना उपाय वाळूचा. बारीक वाळू आईच्या जुन्या तव्यावर तासभर भाजली. हे भाजणं फार महत्त्वाचं, कारण वाळूत ओल राहिली तर नळी तापल्यावर आत वाफ कोंडते आणि तोंडाचा गुट्टा, म्हणजे बूच, बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. नळीच्या एका तोंडाला लाकडी गुट्टा ठोकला आणि वाळू ओतत गेलो. काका बाहेरून लाकडी हातोडीनं ठोकत होते. सुरुवातीला नळी ठण् ठण् बोलत होती. वाळू बसत गेली तसा तो आवाज खाली उतरत गेला आणि शेवटी दगडावर ठोकल्यासारखा ठप् झाला. मग दुसरा गुट्टा, तोही कडेनं बारीक चीर ठेवून. गॅसच्या ज्योतीनं नळी लाल केली आणि जमिनीत रोवलेल्या जुन्या पुलीभोवती दोघांनी मिळून ओढली. ती इतक्या सहज वाकली की मला वाटलं, तुटली. गार झाल्यावर वाळू ओतून टाकली आणि बाकावरून बोट फिरवलं. कुठेही चेप नव्हता. त्या रात्री मी ती नळी घरात आणून ठेवली होती.

वेल्डिंग मात्र चुकलं, आणि ती चूक माझी. काकांना दोन दिवस ताप होता. मला धीर धरवला नाही. सगळे जोड वेल्डिंगचे बारीक टाके घालून धरून झाले होते. मी मशीन लावलं आणि उजव्या बाजूचे सगळे जोड एका दमात भरून काढले. झाळ सुंदर आली होती, नाण्यांची चवड आडवी करावी तशी. पण तापलेलं लोखंड गार होताना आक्रसतं आणि ज्या बाजूला भरलं त्या बाजूला ओढून घेतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. टूलरूममध्ये नव्या पोरांना मीच शिकवत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी काही न बोलता फ्रेम विटांवर ठेवली, पाणसळ लावून सारखी केली, मागच्या एक्सलच्या मध्यापासून हँडलच्या नळीपर्यंत दोरा ताणला आणि हँडलच्या नळीतून ओळंबा सोडला. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघंही उभे होतो. तो दोऱ्यावर यायला हवा होता. तो उजवीकडे पडला.

“दोन सूत,” काका म्हणाले.

सहा मिलिमीटर. चालवताना गाडी सतत एका बाजूला ओढली असती. मी म्हटलं, लांब पाइप घालून ओढून सरळ करू. काकांनी मान हलवली. थंड लोखंड जबरदस्तीनं सरळ केलं तर ते सरळ दिसतं, पण ताण आतच राहतो, आणि मग एखाद्या खड्ड्यात जोडापाशी तडा देतो. “कापून काढ,” म्हणाले. तीन जोड ग्राइंडरनं कापले. आठ दिवसांचं काम होतं ते. पुन्हा जोडताना बोटभर इकडे, बोटभर तिकडे, समोरासमोर, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. पावसाळा लागला होता, वेल्डिंगचे रॉड सादळत होते, तेही मी तव्यावरच गरम करून घ्यायचो. या वेळी ओळंबा दोऱ्यावर उतरला. अगदी दोऱ्यावर नाही, केसभर बाजूला. काका म्हणाले, एवढं गाडीला चालतं.

फ्रेमची लांबी मी चित्रापेक्षा ८० मिलिमीटरनं वाढवली. त्याचं कारण तो खडूचा माणूस. ब्रेक दाबल्यावर गाडी पुढे उलटू पाहते की नाही, हे दोन मापांवर ठरतं. वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि तो पुढच्या चाकाच्या टेकण्यापासून किती मागे आहे. शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलीत दोन चाकांमधलं अंतर बाराशे मिलिमीटरच्या आसपास असतं. मी काढलं होतं ९३०. अंतर एवढं घटलं, पण माझं पोट, छाती, डोकं तिथंच. वजनाचा मध्य फार तर वीतभर खाली आला. वर आणखी एक गोष्ट. चाक लहान असलं की तोच ब्रेक जास्त जोरानं धरतो, कारण ब्रेकचा पीळ लहान त्रिज्येनं भागला जातो. ११० मिलिमीटरचा तोच ड्रम अठरा इंची चाकात जेवढं थांबवतो त्याच्या दीडपट आठ इंचीत. ज्या गाडीला सौम्य ब्रेक हवा, तिचाच ब्रेक कडक होतो. म्हणून अंतर १०१० केलं आणि सीट दोन बोटं मागे सरकवली. चित्रातला डौल थोडा गेला. माझा जीव त्यावर बसणार होता, आणि पुढेमागे मुलीचाही.

फोर्कनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. भंगारातून मोपेडचा फोर्क आणला होता, पॉलिश करून चांदीसारखा केला. इंजिन नसतानाच गाडी गल्लीच्या उतारावर ढकलून बघितली. चालण्याच्या वेगाला ठीक होती. जरा वेग आला की हँडल बोटांत थरथरायला लागलं, दोन्ही बाजूंना पडू पडू करायला लागलं. मी पाय टेकले.

खुर्चीखालची चाकं आठवा. खुर्ची ढकलली की चाकं आपोआप मागे वळतात आणि सरळ चालतात, कारण चाक जिथं टेकतं ती जागा त्याच्या फिरण्याच्या खुंटीच्या मागे असते. मोटरसायकलचंही तेच. हँडल ज्या तिरक्या रेषेवर फिरतं ती रेषा जमिनीला जिथं मिळते, त्याच्या मागे चाक टेकलं पाहिजे. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल पुरेसा असला की गाडी स्वतःहून सरळ राहायला बघते. आणि तो चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. हँडलची नळी २६ अंश कललेली, फोर्क त्या रेषेच्या ५० मिलिमीटर पुढे. मोठ्या चाकात एवढ्यात ९० मिलिमीटरच्या आसपास ट्रेल मिळतो. माझ्या १९० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात हिशेब केला तर ३७ आला. फोर्क वाईट नव्हता, त्याला त्याचं चाक हवं होतं.

उपाय दोन होते. नळी आणखी कलवायची, म्हणजे फ्रेम पुन्हा कापायची; किंवा फोर्क मागे घ्यायचा. फोर्कच्या दोन नळ्या धरणारे वरचे-खालचे ब्रॅकेट मी नव्यानं करून घेतले, ५० च्या जागी ३० मिलिमीटरचे. ट्रेल ५९ झाला. त्याच उतारावर पुन्हा गाडी सोडली. हँडलवरची पकड मी हळूहळू सैल केली, मग फक्त तळवे टेकवले, आणि गाडी सरळ जात राहिली. खाली दुधाच्या दुकानापाशी थांबलो तेव्हा डोळे भरून आले होते. वीस मिलिमीटर. काकांच्या भाषेत सहा सूत.

इंजिनाबद्दल थोडक्यात. मंकीचं इंजिन होंडाच्या सुपर कब या गाडीवरून आलेलं, सिलिंडर पुढे आडवं झोपलेलं. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० चं इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणून बुटक्या फ्रेमखाली ते आपल्याच घरात आल्यासारखं बसलं. घेताना विकणाऱ्याकडून जुन्या गाडीचे कागद आणि इंजिन नंबर ताडून घेतला, पावती घेतली. भंगारातलं इंजिन घेताना हे न चुकता करावं. अठरा इंची चाक एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या वर जातं, माझं आठ इंची जेमतेम १.२ मीटर. तेच स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ठेवलं असतं तर पहिला गिअर टाकताक्षणीच संपला असता. पुढे १४ दात ठेवले आणि मागे ३१ दातांचं कापून घेतलं. मग कळलं की साडेतीन इंची जाड टायर चेनला घासतंय. इंजिन डावीकडे दोन सूत सरकवलं, त्यासाठी इंजिनाचे धरणीचे कान पुन्हा केले. या कानांवर पंधरा दिवस गेले, सांगण्यासारखं त्यात काही नाही.

टाकी छावणीतल्या एका डेंटरनं घडवली, वीस गेजच्या पत्र्याची, फक्त लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन. जुनी टाकी कापून लहान करायचा मोह मला झाला होता. पेट्रोल राहिलेल्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला ज्योत लावणं. धुतलेली, रिकामी दिसणारी टाकीसुद्धा आत वाफ धरून असते. नवीच केली ते बरं केलं. रंग लाल, पोटाशी पांढरा. काचकागद घासायचं काम मुलीनं केलं, सुट्टीत, दुपारभर ओसरीत बसून, बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत.

ही गाडी रस्त्यावर जाणार नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. मोटर वाहन कायद्यात, १९८८ च्या, कलम ३९ नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणू देत नाही आणि कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते पुन्हा स्पष्ट केलं. काही मित्र म्हणाले, रात्री गल्लीत एक चक्कर मारायला काय होतंय. मला ते पटत नाही. या गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला येतं. ट्रकवाल्याला तो दिसत नाही. आणि इतकं मापून केलेली गोष्ट अशा जागी न्यायची, जिथं कुणाचंच माप चालत नाही?

यंदा वैशाखात सांवेर रस्त्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर गाडी नेली, छोट्या टेम्पोत आडवी घालून. गहू निघून गेला होता. माळव्याची काळी जमीन उन्हानं तडकून दगडासारखी झाली होती, खळ्याची जागा तेवढी सपाट. धान्याच्या काट्यावर गाडी ठेवली, ५६ किलो भरली. हेल्मेट घातलं, हातमोजे घातले. तिसऱ्या किकला इंजिन लागलं.

पहिल्या गिअरमध्ये खळ्याला एक फेरी मारली, मग दुसऱ्यात. जमीन फार जवळ होती. आठ इंची चाकाला प्रत्येक भेग मोजावी लागते. मोठं चाक जिच्यावरून सरकून जातं तिच्यात लहान चाक उतरतं आणि पुन्हा चढतं. मागे शॉक नाहीत, सीटच्या स्प्रिंगा आहेत, पाठीला सगळं कळत होतं. पण गुडघे हँडलला लागत नव्हते. खांदे सरळ होते. वळणावर गाडी झुकली आणि मी तिच्याबरोबर झुकलो. ब्रेक दाबला, मागचं चाक जमिनीवरच राहिलं. चौथ्या फेरीला मी तिसरा गिअर टाकला आणि बांधापर्यंत जाऊन परत आलो.

मुलीनं दोन फेऱ्या मारल्या, पहिल्या गिअरमध्ये, मी बाजूनं पळत. खाली उतरून ती काही बोलली नाही. गाडीशेजारी उभी राहिली आणि हँडलवर हात ठेवला.

काका लिंबाखाली बाजेवर बसले होते. आम्ही गाडी त्यांच्यासमोर आणून स्टँडवर लावली. म्हटलं, “काका, बसून तरी बघा.” ते उठले, पण बसले नाहीत. वाकून पुढचं चाक उचललं, तळहातानं एक फिरकी दिली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी टूलबॉक्समधून मोठा स्क्रूड्रायव्हर काढून दिला. पातं हबवर, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. चाक बराच वेळ फिरत राहिलं. दूर कुठेतरी थ्रेशर चालू होता, तोही त्यांना त्या वेळी ऐकू येत नसावा.

“डावीकडचं बोलायला लागलंय,” काका म्हणाले. “धूळ गेली आत. सील लावलं नाहीस ना त्या बाजूला?”

नव्हतं लावलं. मी गाडी बाजेवर आडवी केली आणि सतराचा पाना शोधायला लागलो.